गिटार परत करायला निघालो होतो तेव्हा थांबवलंस, त्याबद्दल थँक्यू दादा

दादा,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "सोड रे, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलतोस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि दुसरं म्हणजे नवी कोरी स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन मी तीन आठवडे ज्या विचारात बसलो होतो त्याच विचारात आत्ता अजून कोणीतरी बसलेलं असणार, त्याच्याही नजरेस हे पडावं.

तुला आठवत असेल, मी तुला पहिल्यांदा फोन केला तेव्हा गिटारबद्दल बोललोच नव्हतो. माझी बोटं बहुतेक गिटारसाठी बनलेलीच नाहीत असं म्हणालो होतो. सहाही तारा मोकळ्या वाजवल्या की ट्यूनर एकदम बरोबर दाखवायचा आणि सी कॉर्ड धरला की बेसूर, एफ धरायचा तर हात भरून यायचा, आणि वरच्या फ्रेट्सवर (गिटारच्या दांड्यावरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार बाजूला ओढली की आवाज मध्येच गप्प. तू एवढंच म्हणालास, "बोटांना नंतर बघू, आधी गिटार घेऊन ये." या एका वाक्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

तू तिसऱ्या फ्रेटवर तार दाबलीस आणि मला पहिल्या फ्रेटवर तार किती वर राहते ते बघायला लावलंस. तिथे केसभर फट हवी, माझ्या गिटारला जाड पुठ्ठा सहज आत जात होता. म्हणजे नटच्या, दांड्याच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या छोट्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नव्हत्या, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फ्रेट्सवर तार दाबताना ती जास्त ताणली जायची आणि सूर चढायचा, वर जोरही जास्त लागायचा. मी रोज तासभर बोटांशी भांडत होतो आणि गोष्ट होती मिलिमीटरच्या काही भागाची! तू पहिली खाच स्वतः घासलीस, दर दोन-तीन घासांनंतर थांबून तार लावून बघायची हे दाखवलंस, आणि मग कानस माझ्या हातात दिलीस. तेव्हा मला भीती वाटली होती, कारण खाच जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झिरझिरते आणि मग नटच बदलावा लागतो नाहीतर खाच भरून परत कापावी लागते. तू शेजारी बसून राहिलास पण कानस परत घेतली नाहीस.

तार ओढली की आवाज मरतो ते का, हे तर मला कधीच कळलं नसतं. तू एका जुन्या प्लॅस्टिक कार्डाची सरळ कड तीन-तीन फ्रेट्सवर ठेवत गेलास आणि १४व्या फ्रेटवर ते कार्ड डुगडुगलं. त्या फ्रेटचं एक टोक लाकडातून जरासं वर आलेलं होतं. वर लाकडाचा तुकडा धरून हलकेच ठोकलंस, बसलं. मग सगळ्या फ्रेट्सची टोकं, जी हात सरकवला की तळव्याला टोचायची. हवा कोरडी असली की फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट्स बसवलेल्या पट्टीचं, लाकूड आकसतं, धातूची फ्रेट मात्र तेवढीच राहते, म्हणून टोकं बाहेर येतात, हे तू सांगितलंस तेव्हा मला त्या गिटारचा राग येणंच बंद झालं. लाकडाला मास्किंग टेप लावून टोकं तिरकी घासली, नंतर स्टील वूलने फ्रेट्स चमकवल्या, आणि त्याआधी पिकअप्सवर (तारांखालचे आवाज पकडणारे चुंबकाचे भाग) टेप लावायला तू विसरू दिलं नाहीस, नाहीतर लोखंडाचा तो बारीक चुरा मॅग्नेटला जाऊन चिकटला असता.

हे सगळं कारखान्यात का करत नाहीत असं मी चिडून विचारलं होतं. तू म्हणालास बॉडी आणि नेक, म्हणजे दांडा, मशीनवर कापतात, ते काम हल्ली स्वस्त गिटारमध्येही बऱ्यापैकी नीट असतं, पण फ्रेट्सची टोकं गोल करणं, नट घासणं, शेवटचा सेटअप, हे माणसाच्या हाताचे तास आहेत, आणि किंमत कमी करायची तर तेच तास कापले जातात. म्हणजे मी विकत घेतली होती ती जवळपास पूर्ण झालेली गिटार, उरलेलं काम आपण दोघांनी केलं.

क्रम शिकवलास तो तर मी लिहूनच ठेवलाय. मी आधी घरी ब्रिजचे सॅडल (बॉडीवर तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे) पुढेमागे करून दमलो होतो आणि ते सगळं वाया गेलं होतं. नव्या तारा, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई), तोही एका वेळी पाव वेढ्याहून जास्त नाही, मग नट, मग ॲक्शन म्हणजे तारांची उंची, आणि इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेट्सवर सूर बरोबर येणं, सगळ्यात शेवटी, कारण आधीचं काहीही हललं की ते बदलतंच. १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळवायचा, दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे. १२व्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटरच्या मध्ये आणली आणि एफ वाजला दादा, सहाच्या सहा तारा वाजल्या, तू काही बोलला नाहीस, फक्त "परत वाजव" म्हणालास.

आणि जे बिघडलेलं नव्हतं त्याला हात लावू दिला नाहीस हेही. ॲम्पमधून येणारी ती गुणगुण मला मोठा दोष वाटत होती, तू तारांना बोट लावायला सांगितलंस, गुणगुण कमी झाली, म्हणजे ग्राउंडची वायर ठीक आहे, बाकी राहते ती सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची, सवय. नेक जिथे बॉडीत बसते तिथली बारीक फट, रंगातला तो एक ठिपका, सोडून दे म्हणालास. पण जॅकची, म्हणजे वायर खोचायच्या भोकाची, खरखर खरी होती. मी बाहेरून जॅकचा नट (हा पाना लावून आवळायचा) आवळत होतो आणि आत पूर्ण जॅक फिरून वायर पिळली जात होती, एका बारीक धाग्यावर लटकत होती ती. आतून जॅक धरायचा आणि मगच आवळायचा, हे आता जन्मात विसरणार नाही.

तू हेही स्पष्ट सांगितलंस की नेक पिळवटलेली निघाली असती तर तूच मला गिटार परत करायला लावली असतीस. म्हणून तुझ्यावर विश्वास बसला, तू उगाच धीर देत नव्हतास.

आता रोज वाजवतो. तुझी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि ती छोटी कानस अजून माझ्याकडेच आहे. एका मित्राच्या नव्या गिटारच्या फ्रेट्स टोचतायत, तेवढं करून झालं की आणून देतो.