वर्तनोपचारांची सरमिसळ नको

स्वमग्न मुलांवरील रविवारच्या लेखात वर्तनोपचार आणि उपयोजित वर्तन विश्लेषण एकाच माळेत ओवले आहेत. गोत्र एक असले तरी घरे वेगळी. वर्तनोपचारातली, मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली ग्रंथरूपाने मांडलेली पद्धत भीती, चिंता यांवरची; कुत्र्याला घाबरणाऱ्याला ती शिथिलीकरणाच्या, म्हणजे अंग सैल सोडण्याच्या, साथीने टप्प्याटप्प्याने धीट करते. उपयोजित वर्तन विश्लेषणाची परंपरा वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांची. पाटी समोर येताच मूल डोके आपटत असेल, तर त्याआधी काय घडले आणि नंतर पाटी उचलली गेली का, याची विश्लेषक नोंद करतो. आपटण्याने सुटका होते, हे कळल्यावरच विश्लेषक मुलाला आपटण्याऐवजी दुसरा पर्याय शिकवतो. ही नोंदवही नसलेल्या केंद्रांनीही ‘वर्तनोपचार’ असा फलक लावावा आणि पालकांनी पैसे मोजावेत, हे खटकते. पुढील लेखात हा फरक स्पष्ट करावा.

– एक पालक, सातारा