हप्ता ओव्हनने भरायचा

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

दोन लाखांचं कर्ज काढून मोठा ओव्हन घ्यावा का आणि वाढत्या वीजबिलाचं काय करावं, असं तू विचारलंस. आधी बिलाकडे बघ. एक किलो नानकटाईला वीज किती लागते हे कळल्याशिवाय हप्त्याचा हिशेब नुसता अंदाजपंचे.

मीटरचं रीडिंग पहिला घाणा लावायच्या आधी लिही, शेवटचा उतरल्यावर पुन्हा लिही. मध्ये गीझर, इस्त्री, मिक्सर नको. दशांश दिसत नसतील तर दोन-तीन दिवसांची बेरीज घे. दोन किलोवॅटचा ओव्हन म्हणजे तासाला दोन युनिट असं धरू नकोस. तापल्यावर थर्मोस्टॅट कॉइल बंद-चालू करत राहतो. खरी नासाडी रिकामा ओव्हन पुन्हा पुन्हा तापवण्यात आहे. ऑर्डरी एकत्र करून सलग घाणे काढ.

महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ३०० ओलांडले म्हणून सगळं बिल महाग होत नाही, वरच्याच युनिटांना चढा दर लागतो. समजा घराला २२० लागतात आणि ओव्हनला १२०, मिळून ३४०. त्यातले शेवटचे ४० महागाचे, आणि ते धंद्याच्या खात्यावर टाकायचे. बिलाची सरासरी काढून नाही. शिवाय घराच्या एका भागात धंदा करणाऱ्याला घरगुती दर मिळतो तो महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांपर्यंतच. चालू दरपत्रकात ही अट एकदा बघून घे. ३०० च्या आत राहायचं तर पंख्यांकडे बघ. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा साधारण ३० वॅटचा. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. तीन बदललेस की ३४० चे २९२ होतात.

आता कर्ज. वीजबिल, भाडं, किराणा भागवायला कर्ज नको. ते पैसे महिनाभरात जळतात आणि हप्ता तीन वर्षं राहतो. दिवाळीआधी मैदा-तूप भरायचं तर थोड्या मुदतीचं घे, दिवाळीची वसुली झाली की फेड. ओव्हनसाठी मुदत कर्जच हवं, म्हणजे ठरलेल्या हप्त्यांनी काही वर्षांत फेडायचं. रोजच्या गल्ल्यातून मशीन घेतलं की माल भरायला हात आखडतो आणि ऑर्डरी असूनही धंदा अडतो.

दोन लाख, १२ टक्के, तीन वर्षं: हप्ता सुमारे ६,६४३ रुपये. माल, डबे, वीज वजा जाता किलोमागे १५० उरत असतील तर फक्त हप्त्यापुरते ४५ किलो जास्त विकायला हवेत, दर महिन्याला, पितृपक्षातसुद्धा. म्हणून आज ‘जमणार नाही’ म्हणून परत पाठवतेस त्या ऑर्डरी वहीत लिहायला लाग. त्या सलग तीन महिने ४५ किलोंच्या वर गेल्या तर घे. एकट्या दिवाळीत गेल्या तर तेवढ्यापुरता भाड्याचा ओव्हन बघ.

व्याजाचा दर ऐकून भुलू नकोस, ते घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच आहे का ते विचार. एक लाख एका वर्षासाठी १२ टक्के ‘फ्लॅट’ने, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज धरून घेतले तर व्याज १२,०००, घटत्या शिलकीवर तेच सुमारे ६,६००. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्ज योजनेत पन्नास हजारांपर्यंत शिशु, पुढे पाच लाखांपर्यंत किशोर. तुझं किशोरमध्ये बसेल, तारणही लागत नाही. योजनेचं नाव सांगून आधी ‘फाइल चार्ज’ मागणाऱ्याला दारात उभं करू नकोस.

कोटेशनवर ओव्हनचे किलोवॅट आणि फेज लिहून घे. सहा किलोवॅट सिंगल फेजवर म्हणजे २६ अँपिअर. साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावलास तर सॉकेट वितळेल. मीटरचा मंजूर भार वाढवणं, वेगळी वायर, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच), सगळ्याचा खर्च धर. एवढा ओव्हन आला की ३०० ची मर्यादाही राहणार नाही, तेव्हा किलोमागचे १५० धंद्याच्या दराने पुन्हा मोज. मगच रक्कम ठरव.

गेल्या सहा महिन्यांची बिलं आणि तो कोटेशनचा कागद पाठव.

तुझे बाबा