घोडीची मस्ती आणि डब्यातली पावडर

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात तरुण घोड्यांना शिकवण्यावर लेख आला होता. चांगला होता, पण लगाम, तंग (खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा), शिस्त सगळं आलं आणि तोबऱ्यात काय जातं यावर एक ओळ नाही, म्हणून लिहितोय.

माझी घोडी अडीच वर्षांची असताना अचानक बदलली. आधी खरारा करताना डोळे मिटून उभी राहायची, तीच आता तंग आवळायला गेलं की कान मागे पाडून चावायला यायची, रिकामं पोतं सरकलं तरी बुजायची, दोरीवर फिरवायला काढली की दुगाण्या सुरू. सगळे म्हणाले वयच तसं आहे, जरा दाबात ठेवा. मी काय केलं, तर शांत करणारी पावडर आणली! रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मग एकदा सगळे डबे ओळीने मांडून मागची बारीक अक्षरं वाचली. तयार खुराक, वाढीचं टॉनिक, खुरांची पावडर आणि ही नवीन, चारपैकी तिघांत सेलेनियम, म्हणजे अगदी थोडं लागणारं एक खनिज. 500 किलोच्या घोड्याला ते दिवसाला साधारण 1 मिलीग्रॅम लागतं, आणि बरेच दिवस भरमसाट गेलं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुरांना भेगा पडतात. म्हणजे खुरांसाठी आणलेल्या पावडरीनेच खुरं जायची! टॉनिकमध्ये लोह पण होतं, आणि घोड्यात लोहाची कमतरता तशी क्वचितच असते, चाऱ्यातूनच भरपूर मिळतं.

पण खरी गडबड दाण्यात होती. ओट्स बंद करून मका सुरू केला होता आणि माप तेच, एक डबा. आता तोच डबा मक्याने भरला तर वजन दीडपटीहून जास्त होतं, वर मक्यात स्टार्च जास्त. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. चारा चघळताना लाळ सुटते तीच ते आम्ल सौम्य करते, त्यामुळे चारा कमी आणि दाणा जास्त झाला की अल्सरचा धोका वाढतो, आणि असं घोडं तंग लावताना चावलं तर त्याला मस्ती कसं म्हणायचं? लहान आतड्यात न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो तो वेगळाच. एका वेळेला किलो वजनामागे 1 ग्रॅमच्या आत स्टार्च ठेवा म्हणतात, म्हणजे 350 किलोच्या घोडीला 350 ग्रॅम. मी किती देत होतो ते लिहायला लाज वाटते.

शांत करणाऱ्या पावडरींत बहुतेक मॅग्नेशियम किंवा ट्रिप्टोफॅन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) असतं. मॅग्नेशियम खरंच कमी असेल तर उपयोग होईल, पण पुरेसं असताना वरून दिल्याने घोडं शांत होतं याला भक्कम पुरावा नाही. आणि ट्रिप्टोफॅनच्या कमी डोसने घोडे उलट जास्त चुळबुळ करताना दिसले आहेत.

मी तयार खुराक सोडून सगळे डबे बंद केले, दाणा वजन करून आणि थोडा थोडा विभागून द्यायला लागलो, चारा वाढवला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तोंड तपासलं तर दुधाच्या दाढेची टोपी (नव्या दाढेवर राहिलेलं जुन्या दाढेचं कवच) हलत होती, ती काढली. तीनेक आठवड्यांत घोडी माणसात आली, पण सगळं एकदम केल्यामुळे नक्की कशाने फरक पडला ते मला आजही सांगता येत नाही, ही माझी चूक. एकेक गोष्ट बदलून वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

एखाद्या पशुवैद्याकडून ही लेबलं कशी वाचायची यावर लेख लिहून घ्या, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक