खुर्च्या आल्या, उपचार कुठे आहेत?

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

सरकारी रुग्णालयांत दातांवर पूर्ण उपचार होतील, असं आश्वासन आपण दिलं होतं. दातांच्या उपचाराच्या खुर्च्या आल्या, उद्घाटनं झाली, याबद्दल आभार. पण त्या खुर्च्यांवर आजही मुख्यतः दात काढले जातात, वाचू शकणारे दातसुद्धा.

खुर्चीला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी रोज सोडावं लागतं. ते राहिलं की ओलसर हवा हँडपीसचं (दात कोरायच्या, हवेवर फिरणाऱ्या हत्याराचं) बेअरिंग खाते आणि फिलिंग करताना दातावर ओल उडून बाँडिंग (फिलिंगचं दाताला चिकटणं) धरत नाही. देखभालीचा करार खरेदीत नसेल, तर एका बेअरिंगपायी खुर्ची बंद पडते.

निर्जंतुकीकरणाची हालत याहून वाईट आहे. एअररोटर, म्हणजे हाच हँडपीस, मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेतो आणि थांबताना रुग्णाची लाळ, रक्त आत ओढू शकतो. स्पिरिटच्या बोळ्यानं तो फक्त बाहेरून पुसला जातो. पोकळीतली हवा आधी खेचून काढणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये त्याला १३४ अंश सेल्सिअसची वाफ किमान ३ मिनिटं मिळायला हवी. तापणं, वाळणं, थंड होणं धरून पाऊण-एक तास जातो. म्हणजे दर रुग्णाला निर्जंतुक हँडपीस द्यायचा, तर एका खुर्चीला निदान ६ हवेत. दोनच दिलेत, तर बाकीच्या रुग्णांचं काय करायचं, हे लेखी कळवा. हेपॅटायटिस बीचा धोका रुग्णाला आहे, तसाच आम्हालाही.

आता रूट कॅनॉल. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावायचा, मुळातल्या नळ्या म्हणजे कॅनॉल शोधायचे (वरच्या पहिल्या दाढेत बहुतेकदा चौथा असतो आणि तोच निसटतो), एपेक्स लोकेटर (मुळाचं टोक कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) आणि एक्स-रेनं लांबी ठरवायची, मुळाच्या टोकाआधी अर्धा ते एक मिलिमीटर थांबायचं, दर फाइलनंतर (फाइल म्हणजे कॅनॉल घासायची बारीक तार) सोडियम हायपोक्लोराइटनं धुवायचं. धुवायची सुई कॅनॉलमध्ये अडकवून जोर दिला तर द्रव मुळाबाहेर जातो आणि चेहरा सुजतो. दाढेला तास-दीड तास लागतो. ६ तासांच्या ओपीडीत ४० रुग्ण असले, तर माणशी ९ मिनिटं येतात. एवढ्या वेळात दात काढायचा, नाहीतर गोळ्या लिहायच्या. नसेच्या सुजेनं दात ठणकत असताना अँटिबायोटिकनं दुखणं थांबत नाही. जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात. मग रुग्ण चिडतात, नातेवाईक अंगावर येतात, आणि ते सारं कंत्राटी दंतवैद्यानं झेलायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट, ग्लास आयनोमर सिमेंट (दात भरायचं सिमेंट) आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. शेवटचं औषध ब्रशनं लावायचं, ड्रिल लागत नाही. किडलेला भाग काळा पडतो, पण बहुतेकदा कीड थांबते. शाळकरी मुलांसाठी हे साठ्यात का नाही? मौखिक आजार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना आहेत, असं त्याच संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो. तरी आपल्या व्यवस्थेत तोंड शरीराबाहेरचं समजलं जातं. निधी कापायची वेळ आली की पहिली कात्री आमच्या विभागाला. वरिष्ठांना हवी ती रुग्णसंख्या, आणि दात उपटून ती सर्वांत लवकर भरते.

पुढची खुर्ची हँडपीस, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, सहायक आणि देखभालीच्या करारासह द्या. मासिक अहवालात आणखी एक रकाना घाला: काढलेल्या दातांपैकी किती वाचले असते. तो आकडा दर महिन्याला आपण स्वतः वाचा आणि सभागृहात सांगा.

आपला,
सरकारी रुग्णालयातला एक दंतवैद्य