कामाच्या ठिकाणी निरोप कुठे अडतो

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

टीमची जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून फार आनंद झाला. कामाची मला काळजी नाही, काम तुला येतं. काळजी आहे ती सांगण्याऐकण्याची. आता दहा जणांनी एकमेकांना काय सांगितलं आणि काय सांगायचं राहून गेलं, यालाही तूच जबाबदार आहेस. हिशेब करून बघ: पाच जणांत दोघादोघांच्या जोड्या होतात 10, दहा जणांत 45. माणसं दुप्पट, पण गैरसमज व्हायच्या जागा साडेचारपट. लहान टीममध्ये "सगळ्यांना माहीतच आहे" यावर निभत होतं, ते इथे निभणार नाही.

सगळ्यांत मोठा अडथळा सांगणाऱ्याच्याच डोक्यात असतो. 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या मनात सूर आणि शब्द चालू असतात, समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक. "ती रिपोर्टची फाइल जरा बघून लवकर पाठव" हे वाक्यही तसलंच. कुठली फाइल ते तुला माहीत असतं, त्याच्याकडे तिच्या तीन आवृत्त्या असतात. बघायचं काय, आकडे की भाषा? लवकर म्हणजे तासाभरात की या आठवड्यात? त्याऐवजी असं सांग: "विक्रीच्या रिपोर्टची कालची आवृत्ती घे, तक्ता 2 मधल्या बेरजा तपास आणि आज चारपर्यंत मला पाठव. पाच वाजता तो ग्राहकाकडे जायचा आहे." शेवटचं कारण कधी गाळू नकोस. ते माहीत असलं की चार वाजता काम अर्धवट असेल तर काय करायचं, हे माणूस स्वतःच ठरवतो.

आणि सांगून झाल्यावर "समजलं ना?" असं विचारू नकोस. या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर येत नाही. ज्याला समजलं नाही त्याला चारचौघांत तसं म्हणायचं नसतं, आणि ज्याला चुकीचं समजलं आहे त्याला ते ठाऊकच नसतं. "माझं सांगताना काही सुटलं का ते बघायचंय, तू सुरुवात कुठून करणार ते सांग" असं म्हण. परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही, आणि चूक असेल तर ती पहिल्या दोन वाक्यांत बाहेर येते. कंट्रोल टॉवरकडून आलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाला परत म्हणून दाखवावी लागते, आणि टॉवरलाही ती ऐकून चूक असल्यास लगेच दुरुस्त करावी लागते. या दुसऱ्या अर्ध्याकडे ऑफिसात कुणाचं लक्ष नसतं. समोरचा परत सांगत असताना आपण पुढच्या मेलकडे वळलेलो असतो.

27 मार्च 1977 चा, टेनेरीफ या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळावरचा अपघात तुझ्या टीमला नीट उलगडून सांग, कारण त्यात ऑफिसातले बहुतेक अडथळे एका मिनिटात दिसतात. धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट होती, एक केएलएम या डच कंपनीचं, दुसरं पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं. केएलएमच्या विमानाने उड्डाणाची परवानगी नसतानाच वेग घ्यायला सुरुवात केली आणि सहवैमानिकाने रेडिओवर कळवलं, "आम्ही आता टेकऑफवर आहोत." टॉवरला वाटलं, विमान सुरुवातीच्या जागी उभं आहे. टॉवर म्हणाला "ओके", आणि पुढे, थांबा, मी बोलावतो. नेमकं त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं कळवलं. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये "ओके"नंतर मुख्यतः कर्कश आवाज पोचला. तिथल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं, ते विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालं की. इंजिनिअर पुढे बोलला नाही. 583 माणसं गेली.

बघ, दोन अर्थ निघतील असं वाक्य, कशाला होकार आहे हे न सांगणारा "ओके", एकाच वेळी बोलणं, आणि कनिष्ठाने प्रश्नाच्या रूपात मांडलेली शंका. त्यानंतर नियम कडक झाले: प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच टेकऑफ म्हणायचं, एरवी नाही. तुमच्याकडेही अशा दोनतीन गोष्टी असतील, पहिली म्हणजे "झालं". कुणासाठी झालं म्हणजे लिहून झालं, कुणासाठी तपासून झालं, कुणासाठी ग्राहकाला मिळालं. टीमला बसवून एकदाच ठरवा आणि सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवा. "दोन दिवसांत" यात सुट्टी धरायची का, वेळ कुठल्या देशाची, आकडा कुठल्या एककात, हेही त्यातच घाला. 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळाकडे पाठवलेलं यान हातचं गेलं ते अशानेच. एका गटाचं सॉफ्टवेअर आकडे पाउंडमध्ये देत होतं, दुसरा गट ते न्यूटनमध्ये धरत होता. फरक जवळपास साडेचारपटीचा, आणि यान मंगळाच्या फार जवळ गेलं.

आता वर जाणाऱ्या वाईट बातमीबद्दल. मला हा सगळ्यांत घातक अडथळा वाटतो, कारण इथे सगळे शुद्धीत असतात आणि तरी निरोप बदलतो. काम करणारा म्हणतो, "15 तारखेला होणार नाही." त्याचा वरिष्ठ पुढे सांगतो, "15 तारीख जरा अवघड दिसतेय." तिथून जातं, "15 साठी प्रयत्न चालू आहेत." सर्वांत वर पोचतं, "15 ला देतोय." कुणीही खोटं बोललेलं नसतं, प्रत्येकाने फक्त थोडी धार बोथट केलेली असते. वाईट बातमी सांगायला माणूस कचरतो, आणि समोर वरिष्ठ असला की जास्तच. त्यामुळे "सगळं ठीक ना?" असं विचारण्यात काही अर्थ नाही. "तारीख चुकलीच तर कशामुळे चुकेल?" असं विचार, म्हणजे अडचण सांगणं हेच प्रश्नाचं उत्तर होतं. आणि कुणी वाईट बातमी आणली की तुझं पहिलं वाक्य "बरं झालं आज सांगितलंस" हे असू दे. कुणी केलं याची चौकशी नंतर कर. त्या पहिल्या वाक्यावर पुढच्या सहा महिन्यांत तुला काय कळेल ते ठरतं. मीटिंगमध्ये तुझं मत सर्वांत शेवटी सांग. आधी सांगितलंस तर पुढची सगळी मतं त्याच्याच जवळपास येतील.

लिहिण्याबद्दल थोडं. लेखी मजकुरात आवाज नसतो, हे लिहिणाऱ्याला जाणवत नाही. 2005 साली छापून आलेल्या एका प्रयोगात मेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाक्य गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, हे वाचणारे सुमारे 78 टक्के वेळा ओळखतील. प्रत्यक्षात ओळखलं 56 टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगण्यापेक्षा फार थोडं जास्त. म्हणून कामाच्या मेलमध्ये उपरोध नको. नाराजी सांगायची ती समोर किंवा फोनवर, लेखी नाही. चॅटवर दोनदा उत्तरं देऊन झाली आणि तरी गुंता सुटला नाही, तर टायपिंग थांबव, फोन कर, आणि ठरलेलं तीन ओळींत लिहून टाक.

मेलच्या विषयात काय हवं आणि कधीपर्यंत ते येऊ दे: "मंजुरी हवी, गुरुवारपर्यंत". पहिल्या ओळीत मागणी, पार्श्वभूमी खाली. एका मेलमध्ये दोन विषय घातलेस की उत्तर सोप्या विषयाचं येतं आणि दुसरा तसाच राहतो. ग्रुपवर "कुणीतरी बघा रे" लिहिलंस की कुणीच बघत नाही, नाव घेऊन लिही. मीटिंगची शेवटची पाच मिनिटं फक्त एवढ्यासाठी राखून ठेव: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ज्याचं नाव असेल त्याने ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. जे दुरून जोडलेले असतात त्यांना या वेळी आधी बोलायला लाव. खोलीतल्यांची कुजबूज त्यांना ऐकू जात नाही, आणि ते गप्प असले की सगळे त्यांचा होकार धरतात.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाशी वेगवेगळं अर्धा तास बोल आणि एवढंच विचार: तुला कामाला लागणारी कुठली माहिती उशिरा मिळते, आणि ती कुणाकडून यायला हवी? उत्तरं लिहून घे. त्यातलं तुझ्याकडून उशिरा जाणारं जे असेल, ते आधी दुरुस्त कर.

तुझी,
आई