हाड उघडं पडलं तर प्लास्टिक सर्जन पहिल्याच दिवशी पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गळीत हंगामात सांगली फाट्याजवळ माझ्या धाकट्या भावाचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली आला. नडगी मोडली ती मोडलीच पण घोट्याच्या वरची कातडी नि मांस पार सोलून निघालं, पांढरं हाड दिसत होतं. एका खाजगी दवाखान्यात बाहेरून सळ्या बसवल्या आणि मग रोज ड्रेसिंग, असे अठरा दिवस गेले. आम्हाला वाटायचं जखम भरत्याय, हाड मात्र वाळून काळं पडत चाललेलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, प्लास्टिक सर्जनला अजून दाखवलं नाही? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो, कारण आमच्या डोक्यात प्लास्टिक सर्जरी म्हणजे नटनट्यांचं नाक.

मांडीची पातळ साल काढून लावतात ते ग्राफ्ट, त्याला स्वतःचं रक्त नसतं, खालून मिळालं तरच ते जगतं. वरचं पातळ आवरणसुद्धा गेलेल्या हाडावर ते धरतच नाही. तिथं फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी, चरबी, कधी स्नायू, रक्तवाहिनीसकट उचलून आणायचं. गुडघ्याखाली पोटरीचा स्नायू वळवून भागतं, पण घोट्याकडं मांसच कमी, म्हणून भावाच्या मांडीचा तुकडा पूर्ण सोडवून मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक धाग्यानं शिरा जोडल्या. नंतर रात्रभर नर्स ताई दर तासाला फ्लॅपचा रंग बघायच्या, गुठळी झाली तर लगेच परत ऑपरेशनला न्यावं लागतं. तंबाखू पूर्ण बंद, त्यानं शिरा आकसतात.

फ्लॅप जगला, पण मेलेलं हाड दोन इंच काढावं लागलं. हे टळलं असतं का, हा विचार मला झोपू देत नाही. युरोपातल्या ल्युब्लियाना शहरातले प्लास्टिक सर्जन डॉ. मार्को गोडिना यांचा हातापायाच्या असल्याच जखमांच्या ५३२ पेशंटचा अनुभव १९८६ सालीच छापून आलाय, ७२ तासांच्या आत फ्लॅप केला त्यांच्यात इन्फेक्शन १.५ टक्के, त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत केला त्यांच्यात १७.५ टक्के.

आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्या, हायवे, एमआयडीसीतली मशिनं, असल्या जखमा रोजच्याच. माझं म्हणणं एवढंच की अपघाताचे पेशंट घेणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं हाडाच्या डॉक्टरांबरोबर प्लास्टिक सर्जनला पहिल्याच दिवशी जखम दाखवावी, सोय नसेल तर नातेवाइकांना तसं स्पष्ट सांगून वेळेत पुढं पाठवावं. आणि नातेवाइकांनो, तुम्हीही तोंड उघडून विचारा, आम्ही विचारलं नाही.

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर