वडिलांच्या वह्या रद्दीत देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवशी संपतो. या निमित्ताने, घरोघरी माळ्यावर पडून असलेल्या जुन्या पक्षीनोंदींविषयी आपल्या वाचकांना एक विनंती करायची आहे. तिच्यामागे माझे वडील आहेत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले.

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी सुटली की ते सायकलने ऐरोलीच्या खाडीकाठी जात आणि शंभर पानी वहीत तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि दिसलेले पक्षी लिहून ठेवत. नावे मराठीच असत: शेकाट्या, तुतवार, वंचक, खंड्या. गावकावळाही ते कधी वगळत नसत. त्याच पानाच्या समासात घर येई. १९९२ साली वाशीपर्यंत लोकल आली, तेव्हा आईला पहिल्यांदा गाडीने खाडीपलीकडे नेल्याची नोंद 'शेकाट्या ४०, खंड्या २' या ओळीशेजारी आहे. दादाचा दहावीचा निकाल, आजीचे जाणे, माझा साखरपुडा, हे सगळे असेच पक्ष्यांच्या सोबतीने नोंदलेले आहे. माझ्या पहिल्या दिवाळसणाला त्यांनी जावयाला अंगठीऐवजी दुर्बीण दिली आणि पुढच्याच रविवारी त्यांना चिखलकाठी नेऊन उभे केले. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्याच वर्षी माझी मुलगी जन्मली. दोन्ही बातम्या एकाच पानावर आहेत. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, ते बाबांच्या पंचाहत्तरीचे वर्ष होते.

रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा मोजायला त्यांनी आम्हा भावंडांना शिकवले. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली आहे ते डोळ्यांत धरायचे आणि तेच माप पूर्ण थव्यावर पुढे सरकवत न्यायचे. छोटा रोहित आणि मोठा रोहित या दोन जातींपैकी छोट्याची चोच गडद लाल असते, मोठ्याची गुलाबी असून तिचे टोक काळे असते, हेही तिथेच कळले. दादा आणि मी वेगवेगळे मोजत असू. आमचे आकडे जुळले नाहीत तरी बाबा कोणाचा खोडत नसत; दोन्ही लिहून ठेवत.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिले ती सांगते. काही वर्षांपूर्वी घर बदलताना जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर बाबांच्या सात वह्या मी रद्दीत दिल्या. त्या १९९४ ते २००३ या काळातल्या, म्हणजे ऐरोलीचा पूल झाला आणि खाडीचा काठ आमच्या डोळ्यांदेखत बदलला त्याच वर्षांच्या होत्या. बाबा रागावले नाहीत. त्या रात्री त्यांनी नवी वही घेतली, जेवढे स्मरत होते तेवढे लिहून काढले आणि प्रत्येक ओळीपुढे 'आठवणीतून' असा शेरा मारला. ती वही हातात घेताना मला आजही अपराधी वाटते.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे की, आपल्या घरात कुणा दिवंगत वडीलधाऱ्याची अशी वही असेल, तर या सप्ताहात ती उघडावी. शाई पुसट होण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या नोंदीही विनामूल्य भरता येतात. तारीख आणि ठिकाण निश्चित असले, पण किती वेळ निरीक्षण केले हे लिहिलेले नसले, तर त्यासाठी 'ऐतिहासिक' नोंदीचा वेगळा प्रकार आहे. संख्या ठाऊक नसेल तर पक्षी दिसल्याची नुसती खूण करता येते. मात्र नोंद ज्यांची आहे त्यांचे नाव शेऱ्यात अवश्य लिहावे आणि अंदाजाने आकडे भरू नयेत. उरलेल्या वह्यांतील नोंदी आम्ही अशाच भरत आहोत. 'आठवणीतून' लिहिलेली वही तेवढी घरीच ठेवली आहे, कारण तो फरक बाबांनीच केला होता.

या फेब्रुवारीत वर्षश्राद्धाचे विधी झाल्यावर आई, दादा, आम्ही दोघे आणि मुलगी असे सगळे दुपारी ऐरोलीला गेलो. ओहोटी लागली होती आणि समोरच्या चिखलात रोहित उतरले होते. मुलीने आजोबांच्या पद्धतीने थवा मोजला, तिला ३२० दिसले. दादाला ४१० दिसले. दोन्ही आकडे वहीत लिहिले आहेत.

आपली विश्वासू,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई